दिघ्याहून पावण्याकडे जाणारी रेषा

ज्याला पूर्व नाही आणि पश्चिमही नाही, तरी संध्येला बसताना ज्याच्यासाठी आम्ही आसनाचे तोंड पूर्वेकडे वळवतो, त्या परमेश्वराला प्रथम वंदन. त्यामागोमाग विघ्नहर्त्याला, वाग्देवीला आणि आपापल्या कुलस्वामिनीला. माधवराव, तुमचे तेरावे काल झाले. आज सकाळी श्रीकांत येऊन म्हणाला की सोसायटीच्या वाचनालयात तुमची तसबीर लावायची आहे, आणि तिच्याजवळ सर्वांना वाचता येईल असे काही मी लिहावे. तुमचा जन्म, तुमची नोकरी, मिळालेले मानपत्र, हे सारे त्याने स्वतः वेगळे लिहिले आहे. माझ्याकडे त्याने ते मागितले नाही. "काका, तुम्ही बाबांशी बोला," एवढेच म्हणाला. मुलगा शहाणा आहे. म्हणून मी तुमच्याशीच बोलतो. वाचणाऱ्यांनी शेजारी बसून ऐकावे.

तुम्ही गिरगावातली खोली सोडून ऐरोलीला आलात तेव्हा वहिनींना जाऊन वर्षही झाले नव्हते. मी ठाण्याची भाड्याची जागा सोडून थोडा आधी आलो होतो. इमारतींना तेव्हा नावे नव्हती, क्रमांक होते. लावलेली झाडे माणसाच्या कमरेला लागत. वारा खाडीकडून आला की खारट आणि कारखान्यांकडून आला की औषधी, असा त्याचा वास येई, आणि नव्याने आलेली माणसे त्यावरूनच दिशा ओळखत. मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिले ते मोकळ्या प्लॉटच्या मधोमध उभे. एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठा उभा धरून तुम्ही पारसिकच्या डोंगराकडे पाहत होता. नकाशे काढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाची ती सवय आहे, हे मला मागाहून कळले.

"काय पाहता?" मी विचारले.

"डोंगर जुना आहे का ते बघतोय," हात खाली न घेता तुम्ही म्हणालात. "बाकी सगळं कालच ट्रकमधून उतरवल्यासारखं दिसतंय."

त्या एका वाक्यात तुमचे सारे दुःख होते, आणि मला ते समजायला फार दिवस लागले नाहीत. पुढे एकदा कट्ट्यावर बसलेले असताना तुम्ही ते उघड केलेत. म्हणालात, "शास्त्रीबुवा, गिरगावात मी जिन्यात घसरून पडलो असतो तरी चार देवळांतल्या देवांना कळलं असतं. रोजची ओळख होती. इथं मेलो तर कोणत्या देवाला कळणार? खाली भराव, वर सिमेंट."

मी आपले शिकलेले उत्तर दिले. ईश्वर सर्वव्यापी आहे, भरावातही आहे, सिमेंटातही आहे.

"सर्वव्यापी तर पोस्टमनसुद्धा असतो," तुम्ही म्हणालात. "पण पत्ता लागतो की नाही?"

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. आपण ज्या भूमीत देह ठेवणार, तिला आपण ठाऊक आहोत का, हा तुमचा प्रश्न होता, आणि पुढली सारी वर्षे तुम्ही त्याचेच उत्तर शोधत राहिलात. ती रेषा त्या शोधातूनच निघाली.

रद्दीच्या दुकानातून तुम्ही एक जुने इंग्रजी पुस्तक आणले होते. त्याची सुरुवातीची पाने गळालेली होती, पण तुम्ही ते इतक्या वेळा वाचलेत की मलाही पाठ झाल्यासारखे झाले. इंग्लंडात एक गृहस्थ होऊन गेला. धंद्यानिमित्त आपला सारा प्रांत त्याने पालथा घातला होता आणि त्याला छायाचित्रणाचा नाद होता. साठी उलटल्यावर एके दिवशी नकाशा पाहता पाहता त्याला दिसले की जुने उभे दगड, मातीचे उंचवटे, विहिरी आणि पुरातन जागी बांधलेली चर्चे एका ओळीत येतात. त्याचे म्हणणे साधे होते. फार पूर्वी मीठ आणि भांडी वाहणाऱ्या माणसांनी एका शिखरावरून दुसरे हेरून सरळ वाटा आखल्या. वाटेवरच्या खुणांना पुढे पावित्र्य आले. त्याच्या काळच्या विद्वानांनी त्याला बाजूला सारले. तो गेला, एक पिढी लोटली, आणि निराळ्याच मंडळींनी त्या रेषा उचलल्या. आता तिथले वाटसरू नाहीसे झाले आणि रेषांमधून भूमीची शक्ती वाहू लागली. कोणी दोन फाट्यांची डहाळी हातात धरून ती शक्ती शोधू लागला. कोणी म्हणाला, आकाशातून येणाऱ्या तबकड्या याच मार्गाने उतरतात.

तुम्ही सकाळी वाटसरूंच्या पक्षाचे असायचात आणि संध्याकाळी शक्तीच्या. मी तुम्हाला ते बोलूनही दाखवले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "सकाळी माझे पाय बरे असतात, म्हणून."

त्या नादाला खतपाणी घालण्यात माझाही वाटा होता, हे इथे नोंदवतो. आमच्या ज्योतिर्विदांनी लंकेपासून उज्जयिनी आणि कुरुक्षेत्रावरून थेट मेरूपर्यंत भूमीची मध्यरेषा कल्पिली होती, हे मीच तुम्हाला सांगितले. तुम्ही त्या दिवशी चहा तसाच ठेवून उठलात आणि भारताचा नकाशा घेऊन आलात. मग मी असेही सांगितले की ती रेषा गणितासाठी होती, ग्रहांची स्थिती कोठल्या गावाहून मोजायची एवढ्यासाठी, आणि गणिताच्या सोयीला देवत्व देऊ नये. पण तोवर तुम्ही पट्टी लावली होती. सतीच्या अवयवांचे उदाहरण मी दिले. जिथे जिथे ते पडले तिथे पीठे झाली, कोणी सूत्र धरून ती मांडली नाहीत. तुम्ही म्हणालात, "पडणाऱ्या वस्तूलाही नियम असतो, शास्त्रीबुवा. तो आपल्याला दिसत नाही, एवढंच." चीन देशात सरळ रेषा अशुभ मानतात, शक्ती तिथे सापासारखी वळणे घेत डोंगरांतून उतरते, हे तुम्हीच वाचून दाखवलेत आणि तुमच्या विरुद्ध जाते म्हणून पान पटकन उलटलेत. दक्षिण अमेरिकेतल्या त्या डोंगरातल्या नगराची गोष्ट मात्र आपल्या दोघांना सारखीच आवडली. सूर्याच्या मंदिरातून चारी दिशांना रेषा निघत, प्रत्येक रेषेवर देवस्थाने असत, आणि एकेका रेषेची सेवा एकेका कुळाकडे असे. "बघा," तुम्ही म्हणालात, "त्यांच्याकडे माणसाला विचारलं, तुझा देव कोणता, तर तो दिशा दाखवायचा."

आणि मग तुम्हाला आपली रेषा सापडली. तुम्ही धापा टाकत जिना उतरून माझ्या दारात आलात आणि ट्रेसिंगचा कागद माझ्या पोथीवर पसरलात. पोथी आधी बाजूला घेऊ द्या, असे म्हणायलाही तुम्ही मला सवड दिली नाहीत. दिघ्याच्या टेकडीच्या पोटातली देवळी, आपल्या ऐरोली गावाच्या कडेची गावदेवी, आणि कारखान्यांच्या गर्दीतले पावण्याच्या बाजूचे महादेवाचे देऊळ. तीन टिंबे, आणि त्यांतून तुमची ती निळी, केसासारखी बारीक रेघ. कागदावर रेघ ओढावी तर तुम्हीच. माझ्या पंचांगातल्या ओळीही इतक्या नेमक्या नसतात.

"ही रेघ कुठून जाते बघा," तुम्ही म्हणालात.

"कुठून?"

"आपल्या इमारतीच्या जिन्यातून."

तुमचा चेहरा त्या क्षणी लहान मुलासारखा उजळला होता. मी वाद करायला हवा होता असे नाही, पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दोन दिवसांनी तुमचाच नकाशा मागून घेतला आणि त्यावर दिघ्याची, रबाळ्याची आणि आपल्या सेक्टरातली अशा पिठाच्या तीन गिरण्या खुणेने दाखवल्या. त्या तुमच्या देवांहून सरळ ओळीत आल्या. देवस्थाने इतकी असताना कोठेही पट्टी ठेवली तरी तीन सापडणारच, हे मला त्यातून सांगायचे होते.

"मग काय, आता गिरणीची ओटी भरायची?" मी म्हटले.

"हसा," तुम्ही म्हणालात. "पण पीठ आणायला जाताना माझ्याबरोबर येऊ नका."

चार दिवस तुम्ही खरोखरच एकटे दळण घेऊन गेलात. पाचव्या दिवशी माझाही डबा मागून नेलात.

आपण पावण्याला रिक्षाने गेलो होतो, ते आठवते का? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेडी, वेल्डिंगच्या ठिणग्या, हवेत आंबूस वास, आणि त्या सगळ्यात एका पिंपळाखाली महादेव शांत बसलेला. तुम्ही आधी नमस्कार केलात, मग खिशातून होकायंत्र काढलेत. सुई गरकन फिरून भलतीकडेच थांबली.

"शक्ती," तुम्ही कुजबुजलात.

"मागे पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात लोखंडाच्या कांबी रचल्या आहेत," मी म्हणालो.

तुम्ही मागे वळून शेडीकडे पाहिलेत आणि म्हणालात, "तुम्हाला देवळात आणणं म्हणजे इन्स्पेक्टर बरोबर आणणं." परतीच्या वाटेवर तुम्ही मला एक जुना श्लोक शोधायला सांगितलात. या भागाचे वर्णन असलेला, रेषा सूचित करणारा. असा श्लोक माझ्या माहितीत नाही, असे मी म्हणालो. "मग तुम्ही करा की. तुम्हाला काय, अनुष्टुभ् तर चालता चालता होतो."

"करीन," मी म्हणालो. "पण खाली माझे नाव आणि आजची तिथी घालीन."

"मग राहू द्या," तुम्ही म्हणालात. पुढे घर येईपर्यंत तुम्ही रिक्षाबाहेर पाहत होता. मला वाटते, तुम्ही रागावला होता, आणि मी नकार दिला याचा तुम्हाला थोडा आनंदही झाला होता. हे मी तुम्हाला कधी विचारले नाही.

आता हिराबाईंकडे येतो. वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी त्यांना पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हिराबाई म्हणजे ऐरोली गावातल्या जुन्या घराण्यातल्या थोरल्या बाई. त्यांची शेते कारखान्यांना आणि मग नव्या शहराला गेली. मुलांचा आता खडी-रेतीचा व्यापार आहे आणि गावात त्यांची चार मजली इमारत आहे. गावदेवीची पूजा त्यांच्या घराकडे. नऊवारी, कानात जड सोने, आणि जिभेवर कोणाची भीड नाही. आपण फीत घेऊन देवळाभोवती मोजत होतो तेव्हा त्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या.

तुम्ही मोठ्या आदराने विचारलेत, "आजी, ही देवी किती जुनी?"

"देवी लय जुनी. जागा नाय जुनी."

तुमच्या हातातली फीत सैल पडली. "म्हणजे?"

"कारखान्यांना जमिनी गेल्या तवा तिला हितं आनली. पयली ती तिकरं व्हती, पाइपलाइनच्या पल्याड, आमच्या शेताच्या बांधावं. आमी कौल लावला. तिच्या अंगावं तांदूल लावलं, बोललू, आई, जागा जातं, येतंस का? तिनं उजवा दिला, हो बोलली. मंग वाजवत आनली." त्यांनी सुपातला एक खडा काढून फेकला. "तुमी काय मोजताव मगाधरनं?"

माधवराव, माझ्या सगळ्या युक्तिवादांनी जे झाले नसते ते त्या एका उत्तराने झाले. तुमच्या रेषेचे मधले टिंब आपल्या डोळ्यांदेखत उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखे झाले. मी तुमच्याकडे पाहिले आणि पाहिले नसते तर बरे, असे वाटले. असा पुरावा मिळावा म्हणून मी वर्षभर वाट पाहत होतो. तो मिळाला तेव्हा तो परत देता आला तर द्यावा, असे मला वाटत होते. तुम्ही फीत गुंडाळलीत, देवीला नमस्कार केलात आणि माझ्यापुढे घराकडे चालू लागलात.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तुम्ही आला नाहीत. मी वर आलो तर दार तुमच्या सुनेने, वर्षाने उघडले. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, बाबांचं जेवण ठीक आहे, पण नकाशा गुंडाळून कपाटावर टाकलाय. विचारलं तर म्हणतात, आपण भरावावरच राहतो. तुमचं काही झालं का?" तुम्ही आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी खुर्चीवर बसलो. विष्णुसहस्रनाम म्हणत राहिलो. ते संपले तेव्हा तुम्ही तसेच पडल्या पडल्या म्हणालात, "गिरगाव सोडायला नको होतं." सर्वव्यापी हा शब्द त्या दिवशी माझ्या तोंडून निघेना.

आणि तरी त्या आठवड्याच्या शेवटी तुम्ही खाली उतरलात, दाढी केलेली, टोपी घातलेली, आणि नकाशा काखेत. "शास्त्रीबुवा, रात्रंदिवस विचार केला. देवी हलली ती रेषेवर यायलाच हलली. कौल तिनंच दिला ना?"

"माधवराव," मी म्हणालो, "जो युक्तिवाद कशानेच हरत नाही तो युक्तिवाद राहत नाही."

"मला हरवून तुम्हाला काय मिळणार आहे?" तुम्ही शांतपणे विचारलेत. आणि मग, "चला, त्या बाईंनाच विचारू. तुम्हाला विचारून पाहिलं, नकाशाला विचारून पाहिलं."

आपण गेलो. हिराबाई देवीपुढचा दिवा घासत होत्या. तुम्ही चपला काढून उभे राहिलात आणि जे मला कधी इतक्या साधेपणाने विचारले नव्हते ते त्यांना विचारलेत, "आजी, आम्ही इथं नवे. तुमच्या देवीला आम्ही माहीत आहोत का?"

"कशी असनार?" त्या म्हणाल्या. "तुमी सांगितलाव का?"

आपण एकमेकांकडे पाहिले.

"आमच्या घरान सून आयली, पोर झाला, भारोत्री र्‍हायाला आयला, तरी पयलं तिला सांगताव. तुमी एवरी मानसं आयलाव, बिल्डिंगी बांधल्याव, घराघरान होम केलाव, पन कोन हितं यऊन 'आमी आयलू' असं बोलला नाय. ती काय मनकवरी हाय?"

मी कृष्णाकाठच्या पाठशाळेत शिकलो. प्रत्येक कर्माच्या आरंभी इष्टदेवता, कुलदेवता, ग्रामदेवता, स्थानदेवता यांना नमस्कार करायचा, हे आठव्या वर्षी मुंज झाली तेव्हापासून रोज करत आलो. या नव्या वसाहतीतल्या कितीतरी वास्तुशांतींत 'ग्रामदेवताभ्यो नमः' हे शब्द मी उच्चारले असतील. नमस्कार जिला पोचायचा ती घरापासून हाकेच्या अंतरावर बसली आहे आणि तिला भेटायला जायचे असते, हे मला दिवा घासणाऱ्या हिराबाईंकडून कळले. ज्याने मला तिथवर ओढून नेले तो तुमचा हट्ट होता. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत; मित्रांमध्ये ते मानायचेही नसतात. आज मानतो.

त्यानंतरच्या मंगळवारी आपण नारळ, हळदकुंकू आणि खण घेऊन गेलो. मला वाटले होते, मंत्र मला म्हणायला सांगतील. हिराबाईंनी मला हाताने मागे सरकवले आणि देवीच्या कानाशी वाकून, शेजारणीला सांगावे तशा सांगू लागल्या.

"आई, यो म्हाधवराव. गिरगावशी आयलाय. बायको नाय त्याची, गेली. पोरगा-सून चांगली हायेत. नकाशं काढतं. तिकरं सेक्टरान तिसऱ्या माल्यावं र्‍हातं. आता यो आपला. नजर ठेव." मग त्यांनी माझ्याकडे बोट केले. "आन यो भटजी. याला सगला म्हायती हाय असा याला वाटतं. याच्यावं पन नजर ठेव."

तुम्ही इतके हसलात की डोळे पुसावे लागले. मग ते डोळे पुसणे थांबेना, आणि मी देवळाबाहेर जाऊन पिंपळ पाहत उभा राहिलो.

परतताना तुम्ही म्हणालात, "लागला पत्ता." आणि थोडे पुढे गेल्यावर, "आणि लागला तो रेषेवरच."

हा वाद आपण शेवटपर्यंत सोडला नाही. खाडीवर मुलुंडकडे जाणाऱ्या पुलाचे खांब उभे राहू लागले तेव्हा तो आपल्या रेषेला काटकोनात जातो, हे तुम्ही मला किमान महिनाभर समजावलेत. छातीचे दुखणे सुरू झाल्यावरही तुमचा मंगळवार चुकला नाही, श्रीकांत स्कूटरवरून सोडायचा, हिराबाई तुम्हाला "नकाशेवाले" म्हणून हाक मारायच्या आणि प्रसादाचा नारळ फोडताना मुद्दाम विचारायच्या, "आज कोनचा देव सरकला?" इस्पितळातून तुम्हाला घरी आणले तेव्हा मी रोज येऊन बसत होतो. एका दुपारी तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "एकदा तरी म्हणा, शास्त्रीबुवा. रेषा आहे."

मी म्हणालो नाही. जे मला पटत नाही ते मरणाच्या दारात असलेल्या मित्राजवळ बोलले तर त्याचा अपमान होतो, असे मला वाटले. तुम्ही हात सोडला नाहीत, आणि ओठांच्या कोपऱ्यात मिस्कील गिरगावी हसू होते. आजही मी रेषा आहे असे म्हणणार नाही, माधवराव. पण देवस्थाने एका ओळीत आहेत असे ज्या ज्या माणसांना ज्या ज्या देशांत वाटले, त्यांना काय हवे होते हे मला आता समजल्यासारखे वाटते. त्यांना दूरच्या पवित्र जागेशी आपले दार जोडून हवे होते. मी आधी त्यांना भ्रांत म्हणत असे. आता तो शब्द माझ्याने लिहवत नाही.

तुम्ही पहाटे गेलात. मी वर आलो तेव्हा वर्षा देवापाशी बसली होती आणि श्रीकांत टेलिफोनवर नातेवाइकांना कळवत होता. उजाडल्यावर तुळस हवी होती. आपल्याकडच्या कुंड्यांतली पुरेशी नव्हती, म्हणून मी गावाकडे निघालो. वाट देवळावरूनच जाते. एरवी त्या वेळेला पूजा आटोपून घंटा वाजलेली असते. त्या दिवशी देवीचे दार लावलेले होते, बाहेरून कडी घातलेली. पायरीवर हिराबाई बसल्या होत्या. पूजेचे ताट मांडीवर, पदराने झाकलेले.

मला वाटले, त्यांना बरे नसेल. मी विचारले, "आज पूजा नाही?"

"गावान मयत हाय," त्या म्हणाल्या. "मयत उचलल्याबगर देवीचं दार उघरत नाय. आमची रीत हाय."

गावातले कोणी वृद्ध गेले असेल, असे मी समजलो. आपल्या घरी काय झाले आहे हे सांगण्याआधी त्यांच्या दुःखाची विचारपूस करावी, म्हणून म्हणालो, "कोण गेलं हो?"

हिराबाईंनी माझ्याकडे वर मान करून पाहिले. सगळे म्हायती असणाऱ्या भटजीला हेही म्हायती नसावे, याचे त्यांना नवल वाटले असावे. पण त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

"असं काय इचारताव," त्या म्हणाल्या. "म्हाधवराव नाय का गेलं."

मी तुळस न मागताच तिथे बसलो. त्यांनी ताट दोघांच्या मध्ये ठेवले. मग त्यांनीच उठून आपल्या अंगणातली तुळस खुडून आणली आणि माझ्या ओंजळीत घातली.

माझे गुडघे स्मशानापर्यंत येऊ देत नाहीत, म्हणून तुम्हाला नेताना मी जिन्याखाली हात जोडून उभा राहिलो आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत राहिलो. सगळे गेले. सोसायटीत एकदम शांत झाले. मग गावाकडून घंटा ऐकू आली. सकाळची पूजा सुरू झाली होती.

माधवराव, तुम्ही आता जिथे आहात तिथे दिशा नसतील, पट्टीही लागणार नाही; तुम्ही स्वस्थ असा. आणि हे वाचणाऱ्या सज्जनहो, तुम्ही ज्या गावाहून आला असाल तिथले देव तुमच्यावर प्रसन्न राहोत, आणि ज्या भूमीवर आज तुमची चूल पेटते तिचा देवही तुम्हाला नावाने ओळखो. तुमच्या घरातली वडील माणसे समाधानाने दिवस घालवोत, लेकरे सुखाने वाढोत, आणि तुमच्या उंबऱ्यातून आत येणाऱ्याला व बाहेर जाणाऱ्याला देवीची नजर लाभो. शुभं भवतु.